मंदवाढीच्या निवडुंगांची बियांपासून लागवड

मंदवाढीच्या निवडुंगांची बियांपासून लागवड म्हणजे कॅक्टेसी कुळातील, वाळवंटी व निमवाळवंटी प्रदेशांत वाढणाऱ्या आणि प्रौढ होण्यास अनेक वर्षे घेणाऱ्या वनस्पतींची बी पेरून केलेली अभिवृद्धी होय. सोनेरी गोल निवडुंग (गोल्डन बॅरल कॅक्टस), तारा निवडुंग (ॲस्ट्रोफायटम), एरिओकार्पस, कोपियापोआ, सग्वारो इत्यादी निवडुंग या गटात मोडतात. यांपैकी अनेकांना फुटवे येत नाहीत किंवा फार क्वचित येतात. त्यामुळे बी हेच त्यांच्या वाढीचे मुख्य, आणि काहींच्या बाबतीत एकमेव साधन ठरते.

या लागवडीस बागकामाखेरीज संवर्धनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. ज्या झाडास फुलावर येण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात, ते रोपवाटिकेत वाढविण्यापेक्षा रानातून उपटून आणून विकणे व्यापाऱ्यास सोपे वाटते. बियांपासून तयार झालेली रोपे मुबलक व स्वस्त मिळू लागली, की या लुटीचे आर्थिक कारण कमकुवत होते.

नाव व व्याप्ती

मराठीत 'निवडुंग' हा शब्द दोन भिन्न कुळांतील वनस्पतींसाठी वापरला जातो. त्रिधारी निवडुंग, कुंपणाला लावला जाणारा काटेरी थोर आणि शेर या वनस्पती एरंड कुळातील (युफोर्बिएसी) असून त्या तोडल्यास पांढरा चीक निघतो. फड्या निवडुंग मात्र खऱ्या निवडुंग कुळातील आहे. खऱ्या निवडुंगाची खूण म्हणजे खोडावरील लोकरीसारखी मऊ, उशीच्या आकाराची लहान बिंदुस्थाने. काटे, फुले व नवे फुटवे याच ठिकाणांहून निघतात. थोर वर्गातील वनस्पतींत अशी बिंदुस्थाने नसतात.

निवडुंग कुळ मूळचे अमेरिका खंडांतील आहे. झाडांवर वाढणारी रिप्सालिस बॅसिफेरा ही एकच प्रजाती आफ्रिका, मादागास्कर व श्रीलंका येथेही नैसर्गिकरीत्या आढळते. महाराष्ट्रात या कुळातील एकही प्रजाती मूळची नाही. दख्खनच्या पठारावर एके काळी सर्वत्र माजलेला फड्या निवडुंगही बाहेरूनच आला होता. त्याच्या नियंत्रणासाठी १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनील वर्गातील एक कीटक भारतात आणण्यात आला आणि त्यानंतर फड्या निवडुंगाची मोठमोठी बेटे नाहीशी झाली. मंदवाढीच्या गोल निवडुंगांचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. फड्या निवडुंगाचा तुटून पडलेला फड मुळे धरतो व पसरतो, तर गोल निवडुंग माणसाच्या देखरेखीवाचून येथे टिकत नाही.

मंद वाढीची कारणे

बहुतेक प्रकाशसंश्लेषी वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग ही रंध्रे प्रामुख्याने रात्री उघडतात, घेतलेला वायू सेंद्रिय आम्लाच्या रूपात साठवितात आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, त्याचा उपयोग करतात. या पद्धतीत पाण्याची मोठी बचत होते, परंतु रात्रभरात साठवता येणाऱ्या आम्लाला मर्यादा असल्याने अन्ननिर्मितीलाही मर्यादा पडते.

दुसरे कारण आकाराचे आहे. फड्या निवडुंगाचे फड चपटे असल्यामुळे त्यांना प्रकाश घेण्यास भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि तो तुलनेने वेगाने वाढतो. गोल निवडुंगाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने फारच कमी असतो. पाणी राखण्यास हा आकार उत्तम असला, तरी वाढीस तो अनुकूल नसतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वाढणारा सग्वारो हे मंद वाढीचे सर्वपरिचित उदाहरण आहे. पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर होते. सुमारे ३५ वर्षांनी त्यास प्रथम फुले येतात आणि त्याच्या ओळखीचे हातासारखे फाटे फुटण्यास ५० ते ७५ वर्षे, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ लागतो.

बियांची आवश्यकता

निवडुंगांची अभिवृद्धी फाटे, फुटवे, कलम आणि बी अशा चार मार्गांनी होते. फाटा किंवा फुटवा लावल्यास लवकर मोठे झाड मिळते, पण ते मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. बऱ्याच निवडुंगांना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. म्हणून एकाच झाडाच्या फुटव्यांपासून वाढविलेली शंभर झाडे एका बागेत एकाच वेळी फुलली, तरी त्यांच्यात बी धरत नाही, कारण आनुवंशिक दृष्टीने ती सर्व मिळून एकच झाड असते. वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली दोन झाडे असतील, तरच पुढची पिढी निर्माण होते. याच कारणास्तव वनस्पतिउद्यानांत दुर्मीळ प्रजातींचा संग्रह करताना निरनिराळ्या मातृवृक्षांच्या बियांपासून वाढविलेली अनेक झाडे राखण्यावर भर दिला जातो.

सोनेरी गोल निवडुंगाचे उदाहरण

सोनेरी गोल निवडुंग हा जगभरातील बागांत सर्वाधिक दिसणाऱ्या निवडुंगांपैकी एक आहे. पिवळे भरदार काटे आणि जवळपास पूर्ण गोल आकार यांमुळे तो लगेच ओळखू येतो. विनोदाने त्यास 'सासूची उशी' असेही म्हणतात. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील उद्योजक व निवडुंगसंग्राहक हेर्मान ग्रुसोन यांच्या सन्मानार्थ त्यास 'एकायनोकॅक्टस ग्रुसोनी' असे शास्त्रीय नाव देण्यात आले. २०१४ साली त्याची स्वतंत्र प्रजातीगणात मांडणी करण्यात आली असून तेव्हापासून 'क्रोनलाइनिया ग्रुसोनी' हे नावही प्रचारात आहे.

या निवडुंगाचे मूळ स्थान पूर्वमध्य मेक्सिकोतील केरेतारो व इदाल्गो राज्यांच्या सीमेवरील खोल दऱ्यांत आहे. १९९० च्या दशकात मोक्तेसुमा नदीवर सिमापान धरण बांधले गेले आणि त्याच्या अधिवासाचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. रानातून होणारी चोरटी उचलही चालूच होती. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत आज त्याची नोंद संकटग्रस्त प्रजाती म्हणून आहे. शहरांच्या चौकांत व हॉटेलांच्या अंगणांत दिसणारे सोनेरी निवडुंग प्रामुख्याने रोपवाटिकांत बियांपासून तयार झालेले असतात. रानात दुर्मीळ झालेली ही वनस्पती बागांत मात्र सर्वत्र दिसते, आणि या विपुलतेचे श्रेय बियांपासूनच्या लागवडीकडे जाते.

सोनेरी निवडुंगास सहसा फुटवे येत नाहीत. त्यामुळे तो विकत घेणाऱ्यास बियांपासून वाढविलेले रोप मिळते किंवा रानातून उपटलेले झाड. रोपाचा व्यास सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर झाल्यावर, म्हणजे साधारणतः पंधरा-वीस वर्षांनी, त्याच्या डोक्यावरील लोकरीत पिवळी फुले दिसू लागतात.

बी

निवडुंगाचे फळ बहुधा मांसल असते आणि त्यात बिया मोठ्या संख्येने असतात. सग्वारोच्या एका फळात सुमारे दोन हजार बिया असतात. बियांचा आकार प्रजातीनुसार अर्ध्या मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत असतो. सोनेरी निवडुंगाची बी गडद तपकिरी ते काळी, चकचकीत आणि खसखशीपेक्षा थोडी मोठी असते.

पूर्ण पिकलेले फळ फोडून गर पाण्यात कुस्करावा व बारीक चाळणीत धुवावा. गराचा अंश राहिल्यास त्यावर बुरशी धरते, म्हणून बिया स्वच्छ होईपर्यंत पाणी बदलत राहावे. धुतलेल्या बिया सावलीत कागदावर वाळवून कागदी पाकिटात भराव्यात आणि त्यावर प्रजातीचे नाव व वर्ष लिहावे. कोरड्या व थंड जागी अनेक प्रजातींच्या बिया काही वर्षे टिकतात, मात्र ॲस्ट्रोफायटमसारख्या काहींची उगवणशक्ती लवकर घटत असल्याने त्या ताज्याच पेराव्या लागतात. दमट हवेच्या प्रदेशात पाकिटे घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे हितकर असते.

अंकुरणाच्या गरजा

रखरखीत उन्हात वर्षभर पाण्यावाचून उभे राहणारे झाड लहानपणी ओलावा, सावली व दमट हवा मागते. ही विसंगती वाटली, तरी तिचे कारण साध्या भूमितीत आहे. गोल जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा असतो. मोहरीएवढ्या रोपाजवळ पाण्याचा साठा जवळजवळ नसतोच आणि जे थोडे पाणी असते ते उडून जाण्यास पृष्ठभाग मात्र पुरेसा असतो. त्यामुळे प्रौढ झाडास वाचविणारा आकार रोपास वाचवू शकत नाही.

निसर्गात या अडचणीवर दाईवृक्षाचा तोडगा निघतो. सग्वारोची रोपे प्रामुख्याने पालो व्हेर्दे, मेस्किट यांसारख्या झाडाझुडपांच्या सावलीत किंवा खडकाच्या आडोशाला जगतात. तेथे ऊन सौम्य असते, माती उशिरा वाळते आणि जनावरांचे तोंडही सहज पोहोचत नाही. एक सग्वारो आयुष्यभरात लक्षावधी बिया निर्माण करतो, परंतु त्यांतील फारच थोड्या प्रौढावस्थेपर्यंत पोहोचतात. कुंडीत पेरणी करणारा माणूस वस्तुतः या दाईवृक्षाचे काम करीत असतो.

अंकुरणासाठी पुढील तीन गोष्टी आवश्यक असतात.

प्रकाश: अनेक गोल निवडुंगांच्या बिया प्रकाशातच उगवतात. म्हणून बी मातीखाली पुरले जात नाही, पृष्ठभागावर पसरले जाते.

तापमान: २० ते ३० अंश सेल्सियस हा पल्ला बहुतेक प्रजातींना मानवतो. दिवसा थोडे अधिक व रात्री थोडे कमी तापमान असल्यास उगवण चांगली होते.

ओलावा: पहिले काही आठवडे मिश्रण एकदाही पूर्ण कोरडे पडता कामा नये. मोड आलेले बी एकदा सुकले, की ते पुन्हा जिवंत होत नाही.

ताज्या बिया अनुकूल स्थितीत पाच ते वीस दिवसांत उगवतात. काही प्रजाती याहून अधिक वेळ घेतात.

पेरणीची पद्धत

मिश्रण: पाण्याचा चटकन निचरा होणारे, पण तळाशी ओल धरून ठेवणारे मिश्रण लागते. दोन ते चार मिलिमीटर आकाराचा विटांचा चुरा तीन भाग, धुतलेली नदीची जाड वाळू एक भाग आणि चाळलेले पानखत एक भाग, असे प्रमाण प्राथमिक पेरणीस चालते. शेणखत व इतर कच्ची सेंद्रिय खते टाळावीत, कारण त्यांवर बुरशी व चिलटे वाढतात.

निर्जंतुकीकरण: ओलसर मिश्रण प्रेशर कुकरमध्ये किंवा मोदकपात्रात सुमारे अर्धा तास वाफवून पूर्ण थंड होऊ द्यावे. भांडी गरम पाण्याने धुवावीत आणि पाणी उकळून गार केलेले वापरावे. पुढे कित्येक आठवडे रोपे बंद दमट हवेत राहणार असल्याने या पायरीवर पुढचे बरेचसे यश अवलंबून असते.

पेरणी: तळाला छिद्रे असलेल्या पाच-सहा सेंटिमीटर खोल भांड्यात मिश्रण भरून वर बारीक खड्यांचा पातळ थर द्यावा. भांडे पाण्यात ठेवून खालून पाणी शोषू द्यावे. कोरड्या कागदाच्या घडीतून बिया एकसारख्या पसराव्यात व मिश्रणाशी त्यांचा स्पर्श होईल इतपत हलकेच दाबाव्यात. भांड्यावर प्रजातीचे नाव व पेरणीची तारीख असलेली पट्टी लावावी. पहिल्या वर्षी बऱ्याच प्रजातींची रोपे सारखीच दिसतात व ही पट्टी हरवल्यास ओळख पटणे कठीण होते.

झाकण: भांडे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात बंद करावे. आत पाण्याचे बारीक थेंब दिसणे हे ओलावा पुरेसा असल्याचे लक्षण आहे. भांडे उजेडात ठेवावे, परंतु थेट उन्हात ठेवू नये, कारण बंद पिशवीत उन्हाने तापमान झपाट्याने चढते. घरात पुरेसा उजेड नसल्यास एलईडी नळीखाली दिवसाचे १२ ते १६ तास ठेवता येते.

रोपांची निगा

बी फुटल्यावर प्रथम हिरवा, रसाळ, बिंदूसारखा गोळा दिसतो. त्यावर दोन अगदी लहान बीजदले असतात. त्यांच्या मधून काही दिवसांनी पहिले मऊ, केसांसारखे काटे निघतात. रोप तांबडे किंवा जांभळे पडू लागल्यास प्रकाश जास्त होत आहे असे समजावे, तर रोप फिकट, उंच व बारीक झाल्यास प्रकाश कमी पडत आहे.

झाकण एकदम काढू नये. साधारण दोन ते तीन महिन्यांनी, काटे दिसू लागल्यावर, पिशवीस एक छिद्र पाडावे आणि पुढील काही आठवड्यांत छिद्रे वाढवत नेऊन मग ती काढावी. यानंतर मिश्रणाचा वरचा थर सुकू लागताच खालून पाणी द्यावे. प्रौढ निवडुंगाप्रमाणे महिना-महिना पाणी तोडणे पहिल्या वर्षी घातक ठरते.

वर्षअखेरीस सोनेरी निवडुंगाचे रोप साधारणतः वाटाण्याएवढे असते. रोपे दाटीवाटीने वाढली तरी चालते. शेजारच्या रोपांमुळे माती झाकली जाते आणि ओलावा एकसारखा टिकतो. ती एकमेकांस रेटू लागली, की पहिले स्थलांतर करावे. मुळे मोडल्यास जखमा वाळण्यासाठी रोपे काही दिवस सावलीत कोरडी ठेवावीत आणि मगच लावावीत. दुसऱ्या वर्षापासून पाणी क्रमाक्रमाने कमी व ऊन क्रमाक्रमाने जास्त देत रोपास प्रौढ झाडाच्या सवयीकडे नेले जाते.

रोग व कीड

लहान रोपांचा मुख्य शत्रू रोपमर हा रोग आहे. पिथियम, फ्युजेरियम, रायझोक्टोनिया इत्यादी सूक्ष्मजीवांमुळे रोपाचा बुंधा पाणचट होतो व रोप कोलमडते. एकदा लागण झाली, की काही दिवसांत संपूर्ण भांडे रिकामे होऊ शकते. बाधित रोपे भोवतालच्या मिश्रणासह तत्काळ काढावीत, झाकण उघडून हवा खेळती करावी व आवश्यक वाटल्यास शिफारस केलेले बुरशीनाशक वेष्टनावरील प्रमाणात वापरावे. म्हणूनच सर्व बिया एकाच भांड्यात न पेरता दोन-तीन भांड्यांत विभागून पेरण्याची पद्धत आहे.

मिश्रणावर शेवाळ धरल्यास लहान रोपे त्याखाली गुदमरतात. वरचा खड्यांचा थर आणि स्वच्छ पाणी हा त्यावरील सोपा उपाय आहे. चिलटांच्या अळ्या कोवळ्या मुळांना इजा करतात. मोठ्या रोपांवर पिठ्या ढेकूण व लाल कोळी आढळतात. पिठ्या ढेकणांचा एक प्रकार मुळांवर राहत असल्याने वाढ खुंटलेले रोप उपटून मुळे तपासावी लागतात. पावसाळ्यात गोगलगाई एका रात्रीत संपूर्ण वाफा फस्त करू शकतात.

कलम

अतिमंद प्रजातींची वाढ वेगवान करण्यासाठी काही आठवड्यांचे रोप दुसऱ्या जोमदार निवडुंगावर बांधले जाते. लहान रोपांसाठी पेरेस्किऑप्सिस हा खुंट प्रसिद्ध आहे. ड्रॅगन फ्रूटचे तिधारी खोडही खुंट म्हणून वापरले जाते. महाराष्ट्रात ड्रॅगन फ्रूटची लागवड होत असल्याने हा खुंट सहज उपलब्ध आहे, शिवाय दमट हवाही त्यास मानवते. एरिओकार्पससारख्या प्रजातीस स्वतःच्या मुळांवर फुलण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. कलमाने हा काळ बराच कमी होतो व बी लवकर हाती येते. मात्र कलमी झाड फुगीर, काट्यांनी विरळ व मूळ रूपाहून वेगळे दिसते आणि खुंट अल्पायुषी असल्यास पुढे पुन्हा कलम करावे लागते किंवा झाड स्वतःच्या मुळांवर आणावे लागते.

कोकण किनाऱ्यावरील लागवड

रत्नागिरी शहराचे मच्छीमार बंदर असलेला मिरकरवाडा आणि त्याभोवतीचा किनारा येथील हवामान वाळवंटाच्या अगदी विरुद्ध आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. समुद्राचे सान्निध्य आणि वाळवंट यांत स्वतःहून विरोध नाही. चिलीतील अटाकामा वाळवंट महासागराला लागून असून कोपियापोआ या मंदवाढीच्या निवडुंगाचे ते माहेर आहे. तेथील किनाऱ्यालगतच्या थंड सागरी प्रवाहामुळे धुके येते, पण पाऊस जवळजवळ पडत नाही. कोकणात अरबी समुद्रावरून येणारे उष्ण व बाष्पयुक्त मोसमी वारे सह्याद्रीला अडून मुसळधार पाऊस देतात.

या हवामानाचा परिणाम झाडाच्या वयानुसार वेगवेगळा होतो. अंकुरणासाठी ते अनुकूल आहे. रात्रीचे तापमान हिवाळ्यातही सहसा पंधरा अंशांखाली उतरत नाही, त्यामुळे थंड देशांत वापरावी लागणारी तापविण्याची साधने येथे लागत नाहीत. प्रौढ झाडांसाठी मात्र पावसाळ्याचे चार महिने कसोटीचे असतात, कारण सतत ओल्या मातीत मुळे कुजतात. म्हणून पेरणीसाठी पाऊस ओसरल्यानंतरचा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सोयीचा ठरतो. या काळात पेरलेल्या रोपांना पुढच्या पावसाळ्यापूर्वी सात-आठ महिने मिळतात व तोवर ती झाकणाबाहेरच्या हवेस सरावतात.

पावसाळ्यात कुंड्या पारदर्शक छपराखाली, चारही बाजूंनी वारा खेळेल अशा रीतीने उंचावर ठेवाव्या लागतात. भिंतींनी बंद केलेले काचघर येथे उपयोगाचे नाही, कारण त्यात कोंडलेली दमट हवा बुरशीस पोषक ठरते.

किनाऱ्यावर मिठाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पुळणीवरची किंवा खाडीतून काढलेली वाळू क्षारयुक्त असते व तिच्यात शिंपल्यांचा चुनाही असतो, म्हणून ती पेरणीस वापरू नये. नारळाच्या काथ्याचा भुसा खाऱ्या पाण्यात कुजविलेल्या सोडणांचा असल्यास तोही अनेकदा गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा लागतो. समुद्रालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. अशा ठिकाणी पागोळ्यांचे साठविलेले पाणी उत्तम. नारळी-पोफळीला घातले जाणारे मासळीचे खत नत्राने समृद्ध असते, मात्र निवडुंगाच्या रोपांना ते देऊ नये. जादा नत्राने रोपे फुगतात, त्यांची त्वचा फाटते व ती लवकर कुजतात.

जांभा हा कोकणातील दगड मात्र या कामी उपयोगी पडतो. तो सच्छिद्र असल्याने ओलावा धरतो आणि फोडून, चाळून, मातकट भुकटी धुऊन टाकल्यास त्याचे खडे विटांच्या चुऱ्याऐवजी वापरता येतात. जुन्या मंगळुरी कौलांचे तुकडेही हेच काम करतात.

संवर्धन व कायदा

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत १,४७८ निवडुंग प्रजातींचे मूल्यमापन करण्यात आले. त्यांपैकी ३१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे आढळले. धोक्यातील प्रजातींपैकी ४७ टक्क्यांवर बागा व खासगी संग्रहांसाठी होणाऱ्या झाडांच्या व बियांच्या बेसुमार गोळा-गोळीचा परिणाम होत असल्याचे याच पाहणीत दिसून आले.

२०२० साली इटलीत चिलीहून चोरून आणलेले एक हजाराहून अधिक निवडुंग जप्त करण्यात आले. त्यांत कोपियापोआची संख्या मोठी होती. पुढील वर्षी त्यांपैकी आठशेंहून अधिक झाडे चिलीला परत पाठविण्यात आली. अशा प्रकरणांत जप्त केलेली झाडे परत गेली, तरी ती नेमक्या कोणत्या जागेवरून उपटली हे कळणे कठीण असते. शिवाय एक प्रौढ झाड नाहीसे झाल्यास तेवढ्याच आकाराचे दुसरे उभे राहण्यास अनेक दशके जावी लागतात.

वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस करारात, अल्प अपवाद वगळता, संपूर्ण निवडुंग कुळाचा समावेश आहे. एरिओकार्पस, ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास इत्यादींना पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत स्थान आहे. बहुसंख्य प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात येतात. दुसऱ्या परिशिष्टातील प्रजातींच्या बिया सामान्यतः नियंत्रणमुक्त असल्या, तरी मेक्सिकोतून बाहेर जाणाऱ्या मेक्सिकन निवडुंगांच्या बियांना ही सवलत नाही. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे.

परदेशातून बी मागविताना वनस्पती विलगीकरणाचे नियमही लागू होतात. २००३ च्या आदेशानुसार पेरणीसाठी बी आयात करण्यास परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. टपालाने पाकिटातून विनापरवाना आलेले बी, लहान असले तरी, नियमबाह्यच ठरते. त्यामुळे देशातील बागांत वाढलेल्या झाडांचे परागण करून येथेच बी धरणे हा हौशी संग्राहकांसाठी सुलभ व निर्धोक मार्ग आहे. हरियाणातील पंचकुला येथे १९८७ पासून निवडुंग व रसाळ वनस्पतींचे राष्ट्रीय उद्यान आहे. पश्चिम बंगालमधील कालिंपाँग येथील रोपवाटिकाही निवडुंगांसाठी प्रसिद्ध आहेत.

रोप विकत घेताना ते बियांपासून वाढविलेले आहे की रानातून आणलेले, हे काही खुणांवरून ओळखता येते. रोपवाटिकेतील झाड एकसारख्या आकाराचे, स्वच्छ त्वचेचे व अखंड काट्यांचे असते. रानातील झाडाच्या त्वचेवर उन्हाचे चट्टे, जनावरांच्या व किड्यांच्या जखमा, तुटलेले काटे, बुंध्याशी खरखरीत साल आणि तोडलेली जाड मुळे दिसतात.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरण

महाराष्ट्रात मूळचे निवडुंग नसले, तरी रसाळ खोडाची एक दुर्मीळ वनस्पती येथे आहे. शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी वनस्पती महाराष्ट्राबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड इत्यादी गडांच्या परिसरात तिची नोंद आहे. एन. ए. डालझेल यांनी १८६५ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. ती निवडुंग कुळातील नसून रुई ज्या कुळात मोडते त्या कुळातील आहे. पावसाळ्यात तिला पाने असतात, कोरड्या ऋतूत ती गळून केवळ मांसल खोड उरते.

शिंदळ माकुडीचे फाटे सहज मुळे धरतात, त्यामुळे वनस्पतिउद्यानांत तिची संख्या वाढविणे अवघड गेलेले नाही. परंतु फाट्यांविषयी वर सांगितलेली मर्यादा येथेही लागू पडते. एका कड्यावरील एका झाडाचे फाटे कितीही लावले, तरी त्यांतून त्या एकाच झाडाचे गुण पुढे जातात. निरनिराळ्या गडांवरील झाडांमधील भेद टिकवायचे असतील, तर त्यांच्या शेंगांतील केसाळ बिया वाऱ्यावर उडून जाण्यापूर्वी परवानगीने, थोड्या प्रमाणात गोळा करून त्यांपासून रोपे वाढवावी लागतात. मेक्सिकोतील दरीतला सोनेरी निवडुंग आणि सह्याद्रीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी यांचा परस्परांशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. तथापि दोघांचाही अधिवास चिंचोळा आहे, दोघांनाही हौशी संग्राहकांचा धोका संभवतो आणि दोघांच्याही बाबतीत वैविध्य राखणारी लागवड बियांपासूनच होते.